डिस्क बदलली म्हणजे विंडोज गेलं?

'लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलली की विंडोज नव्यानं टाकावं लागतं, लायसन्सही जातं,' असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर बरीच वर्षं फिरतोय. तसं नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करायला क्लोनिंग किट मिळतं, म्हणजे नवी डिस्क लॅपटॉपला जोडणारी यूएसबी-साटा केबल आणि सॉफ्टवेअर. ते फायलींसोबत बूट पार्टिशनही (विंडोज सुरू होण्यासाठी लागणारा डिस्कचा भाग) जसंच्या तसं उतरवतं. विंडोज १० आणि ११चं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डाशी) बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. जपायचं ते दुसरीकडेच: सोर्स (जुनी डिस्क) आणि टार्गेट (नवी डिस्क) उलटे निवडले तर भरलेली डिस्कच पुसली जाते. (राजारामपुरीतून केबल आणली त्या रात्री मी तीनदा वाचूनच बटण दाबलं.) पडताळा सोपा आहे. नवी डिस्क (एसएसडी) बसवा, लॅपटॉप सुरू करा, सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन' बघा. जुनी डिस्क तशीच राहते. शंका आली तर परत जोडा.