चर्च इमारतीचे नियोजन (सोलापूर)

ख्रिस्ती मंडळीसाठी नवे उपासनागृह उभारण्याआधी जागा, आराखडा, परवानग्या व निधी यांबाबत करायची तयारी. सोलापुरातील जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमागे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन मराठी मिशनचे काम आहे. कॅथलिक पॅरिश (स्थानिक धर्मग्राम) पुणे धर्मप्रांतात मोडतात. शहरात मराठीच्या जोडीला तेलुगू आणि कन्नड बोलली जात असल्याने एकाच छताखाली दोन भाषांच्या उपासना ठेवायच्या का, हे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने आर्किटेक्टकडे जाण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

आराखडा विधींवरून ठरतो. कॅथलिक चर्चमध्ये सर्वांची नजर वेदीकडे हवी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वेदी साधारणपणे भिंतीपासून सुटी ठेवतात, म्हणजे धर्मगुरूला लोकांसमोर उभे राहता येते. प्रॉटेस्टंट मंडळीत उपदेश नीट ऐकू येणे महत्त्वाचे. बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल मंडळ्यांना बाप्तिस्म्यासाठी माणूस पूर्ण बुडेल असा हौद लागतो, आणि सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्याने मोठी साठवण टाकी ओघानेच आली. आसनसंख्या रविवारच्या हजेरीवर बेतावी. नाताळच्या गर्दीसाठी अंगण मोकळे सोडून मांडव घालणे स्वस्त पडते.

खरी परीक्षा गुड फ्रायडेची. तो २० मार्च ते २३ एप्रिलच्या दरम्यान येतो, आणि त्या दिवशीची तीन तासांची उपासना दुपारी बारा ते तीन अशी ऐन उन्हात चालते. म्हणून पश्चिमेची भिंत शक्यतो बंद, बाजूने व्हरांडा, समोरासमोर खिडक्या आणि छताखाली गरम हवा बाहेर पडायला झरोके. केवळ पंख्यांवर भिस्त ठेवली तर त्यांच्या घरघरीत पाळकाचे (मंडळीच्या धर्मगुरूचे) शब्द हरवतात.

परिसरातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायावर बांधलेल्या भिंती त्यामुळे तडकतात. माती काढून मुरूम भरणे, पाया खडकापर्यंत नेणे किंवा तळाशी फुगीर पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घालणे हे उपाय आहेत. कोणता, ते माती परीक्षणावरून ठरवावे. मनोऱ्याची उंची हा त्यानंतरचा विषय, जरी बैठकीत वाद बहुधा तिच्यावरच रंगत असला तरी.

बांधकाम परवानगी महानगरपालिका देते. सार्वजनिक रस्ते, उद्याने यांवर अनधिकृत प्रार्थनास्थळ उभे राहू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. निधी वर्गणी, कापणीच्या सणाची अर्पणे व देणग्यांतून जमतो. जागा पाळकाच्या किंवा कुणा पंचाच्या नावे न घेता ट्रस्टच्या नावे घ्यावी. जुनी जागा विकून पैसा उभा करायचा असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.