जलस्थितिक दाब

स्थिर द्रवात खोलीनुसार वाढत जाणारा दाब. द्रव आणि वायू यांना मिळून द्रायू म्हणतात आणि हा नियम दोघांनाही लागू आहे. मात्र वायू दाबला जातो, म्हणून त्याचे गणित जरा निराळे होते.

दाब वाढतो तो वरच्या थरांच्या भारामुळे. द्रवातला एक उभा स्तंभ कल्पिला, तर तो खाली घसरत नाही, कारण त्याचे वजन तळाकडून लागणारा दाब पेलतो. स्तंभाची उंची दुप्पट केली की वजनही दुप्पट होते. त्यावरून पुढील सूत्र मिळते :

दाब = पृष्ठभागावरील दाब + (घनता × गुरुत्व त्वरण × खोली)

गोड्या पाण्यात दर मीटरला सुमारे ९,८०० पास्कल (पास्कल हे दाबाचे एकक) भर पडते. सुमारे १० मीटर खाली गेले की आणखी एका वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाएवढा, दाब वाढतो. त्या खोलीवर हा दाब केवळ खाली नव्हे, तर आडवा, तिरका, वरही तेवढाच असतो. तळातून झिरपलेले पाणी धरणाची भिंत खालून उचलू पाहते, ते यामुळेच. म्हणून दगडी व काँक्रीटच्या धरणांत ते पाणी काढून टाकण्यासाठी निचऱ्याची व्यवस्था ठेवतात.

सूत्रात काय नाही, हेही पाहण्यासारखे आहे. भांड्याचा आकार त्यात नाही आणि पाणी एकूण किती हेही नाही. अरुंद नळी आणि रुंद हौद यांत पाण्याची उंची सारखी असेल, तर तळाचा दाबही सारखाच. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिन यांनी १५८६ मध्ये हे मांडले. ऐकणाऱ्याला ते पटत नाही, म्हणून त्याला जलस्थितिक विरोधाभास असे नाव पडले. खरे तर त्यात विरोध कसलाच नाही. कोयना धरणाची उंची सुमारे १०३ मीटर असून त्यामागचा शिवसागर जलाशय मैलोन्‌मैल पसरला आहे. पण तो लांबीने निम्मा असता, तरी पातळी तीच असताना भिंतीवरचा भार तसूभरही कमी झाला नसता. खोलीचे मात्र तसे नाही. उभ्या भिंतीवरचे एकूण बल खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० मीटर पाण्याला अडवणाऱ्या भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ५० टन भार येतो, तर १०० मीटरला सुमारे ५,००० टन. धरण तळाशी एवढे जाड का बांधतात, ते यावरून कळते.

समुद्रात हाच हिशेब अवाढव्य होतो. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार व डॉन वॉल्श ‘त्रिएस्ते’ या पाणबुड्या यानातून पॅसिफिक महासागरातील मेरियाना गर्तेच्या (समुद्रतळावरील सर्वांत खोल दरीच्या) तळाशी उतरले. तेथे दाब १,००० वातावरणांहून अधिक असतो. एवढ्या दाबाखालीही पाण्याची घनता जेमतेम ५ टक्क्यांनी वाढते. हवा तशी नाही. ती उंचीबरोबर विरळ होत जाते आणि साधारण साडेपाच किलोमीटरवर तिचा दाब निम्मा उरतो. उंची वाढली की हवेचा दाब घटतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए यांनी १६४८ मध्ये फ्रान्समधील प्वी द दोम डोंगरावर हवेचा दाब मोजणारी पाऱ्याची नळी नेऊन दाखवले.

विहिरीवरच्या पंपाची अडचणही इथलीच. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंप फक्त पाइपातली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला ती फार तर १०.३ मीटर चढवील. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पुण्यात ही मर्यादा सुमारे ९.७ मीटरवर येते. गळती आणि पाइपातले घर्षण धरले, तर हाती येते सहा-सात मीटर. म्हणूनच खोल विहिरीत मोटर काठावर न ठेवता आत कट्टा करून पाण्याजवळ बसवतात. पाणबुडी मोटर पाण्यातच बसून त्याला खालून रेटते, त्यामुळे तिला ही मर्यादा नाही.