जनसुनावणी की रस्ता? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कोकणात मोठा प्रकल्प आला की गावच्या बैठकीत पहिला वाद ठरलेला: जनसुनावणीत, म्हणजे पर्यावरण मंजुरीआधी लोकांचे आक्षेप ऐकणाऱ्या सरकारी बैठकीत, जाऊन बोलायचं, की बहिष्कार घालून रस्त्यावर बसायचं?

पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याची, अधिसूचना १९९४ ची. जनसुनावणी सक्तीची झाली १९९७ च्या दुरुस्तीने. आजचे नियम १४ सप्टेंबर २००६ चे आहेत. तीस दिवस आधी वृत्तपत्रांत सूचना, या मूल्यांकनाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला ठेवायचा, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी. पण गणपूर्तीची अट नाही. गावाने बहिष्कार घातला तरी सुनावणी कायदेशीर ठरते, आणि इतिवृत्तात गावाचा विरोध उरतच नाही. शिवाय स्थानिक भाषेत द्यावा लागतो तो फक्त सारांश. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीतच राहतो.

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पात हेच बोचलं. १६ मे २०१० च्या सुनावणीआधी मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही, ही ग्रामस्थांची मुख्य तक्रार होती. नोव्हेंबरात अटींसह मंजुरी आली. एप्रिल २०११ मध्ये जवळच्या नाटे गावात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. इथे लोकांचा सुनावणीवरचा विश्वास उडाला, आणि तो का उडाला हे सहज समजतं.

रायगडात उलट घडलं. महामुंबई सेझविरुद्ध (विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध) आंदोलन इतकं पेटलं की सप्टेंबर २००८ मध्ये सरकारलाच २२ गावांत जमिनी द्यायच्या का यावर मतदान घ्यावं लागलं. सल्लामसलत हवी तशी मिळवली ती मोर्च्यांनी.

तरीही सुनावणी सोडून देणं महागात पडतं. गोव्यातल्या एका खाणीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये बजावलं की मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीने सुनावणीतल्या आक्षेपांचा विचार करून कारणं द्यायलाच हवीत. पण नोंदच नसेल तर विचार कशाचा करणार? म्हणून आक्षेप तोंडी मांडले तरी लेखीही द्यावेत, अहवालाचं पान आणि परिच्छेद नमूद करून, आणि प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवणं नियमानेच बंधनकारक आहे. तो वाचेपर्यंत उठू नये, आपला मुद्दा गळला असेल तर तिथेच सांगावं.

मंजुरीनंतर घड्याळ सुरू होतं. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस, सबळ कारण असल्यास आणखी ६०. मोर्च्यांच्या धामधुमीत हीच मुदत निसटते.