पार्श्वभूमी : बोटीच्या टाकीतलं इथेनॉल आणि पाणी

हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा जातो आणि बचावाच्या रबरी बोटी बाहेर निघतात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यालाच असते. या बोटींना मागे लावायची आउटबोर्ड इंजिनं बहुतेक पेट्रोलवर चालतात, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते पेट्रोलच बदललं आहे.

बदलाची सुरुवात खानदेशाच्या उंबरठ्यावर झाली. पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे ऊस किंवा धान्यापासून बनणारं अल्कोहोल, मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प 2001 मध्ये मिरज, मनमाड आणि बरेली इथे झाले. जानेवारी 2003 पासून 9 राज्यांत आणि 4 केंद्रशासित प्रदेशांत 5 टक्के मिश्रण ठरलं. मग गाडं रखडलं. 2013-14 मध्ये देशाची सरासरी जेमतेम दीड टक्का होती. सरकारने इथेनॉलचे दर ठरवून दिले, 2018 चं जैवइंधन धोरण आलं, उसाच्या जोडीला मका आला. जून 2022 मध्ये 10 टक्के गाठले, 2025 मध्ये 20. मक्याला नवं गिऱ्हाईक मिळणं जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्यासाठी मोठी गोष्ट आहे, तेव्हा तक्रार इथेनॉलबद्दल नाही.

अडचण अशी की हा सगळा हिशेब रस्त्यावरच्या गाड्या धरून झाला. मोटारसायकलची टाकी आठवड्यात रिकामी होते. बचावाची बोट पावसाळा सरला की शेडमध्ये जाते ती थेट पुढच्या जूनपर्यंत.

इथेनॉल पाणी ओढतं. साध्या पेट्रोलमधलं पाणी तळाशी वेगळं पडून राहतं आणि सहज काढता येतं. इथेनॉल असेल तर ते विरघळतं, दिसतच नाही. 10 टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी मावतं, म्हणजे 25 लिटरच्या टाकीत चहाच्या कपाएवढं. झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा राहिला आणि दोन सरी आत गेल्या, तरी तेवढं होतं. हद्द ओलांडली की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं. गारव्यात तर लवकरच. वर उरतं कमी ऑक्टेनचं, म्हणजे इंजिनाला ठोके बसवणारं पेट्रोल, आणि इंजिनाची नळी ओढते ती तळातूनच. 20 टक्के मिश्रणात पाणी जास्त मावतं खरं, पण एकदा थर वेगळे झाले की खालचा थरही तेवढाच मोठा.

अमेरिकेतल्या बोटवाल्यांना हे आधीच भोगावं लागलं. तिथे 2010 मध्ये 15 टक्के मिश्रणाला परवानगी देताना बोटींची इंजिनं त्यातून वगळली. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या आजही 10 टक्क्यांपर्यंतच हमी देतात. आपल्या पंपावर मिळतं ते 20 टक्क्यांचं.

एकदा थर पडल्यावर वरून ताजं पेट्रोल ओतून उपयोग नाही. टाकी पूर्ण उपसावी लागते. म्हणून मे महिन्यातच टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरावं. गढूळ दिसलं किंवा मध्ये रेघ दिसली, तर ते इंजिनात जाऊ देऊ नये.