पाहुण्यांच्या हातून घडलेली कंपनी

हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात रेम्ब्रांटचं 1632 सालचं एक प्रसिद्ध चित्र आहे. टेबलावर प्रेत, त्याच्या हाताचे स्नायू चिमट्यात धरून समजावणारे डॉक्टर टुल्प आणि भोवती वाकून पाहणारी मंडळी. 1964 मध्ये ग्लेन टेटली या अमेरिकन कोरिओग्राफरने या चित्रावरून ‘द अ‍ॅनॅटमी लेसन’ ही नृत्यरचना बसवली, तीही त्याच शहरातल्या नेदरलँड्स डान्स थिएटर या नृत्य कंपनीसाठी. शहरातल्या लोकांनी लहानपणापासून पाहिलेल्या चित्रात नृत्य दिसलं ते बाहेरून आलेल्या माणसाला. पाहुणा कोरिओग्राफर कशासाठी बोलवायचा, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

ही कंपनी तेव्हा अवघ्या पाच वर्षांची होती. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्या फुटत, तशीच ती 1959 मध्ये फुटून निघाली. सोनिया गास्केल यांच्या नेदरलँड्स बॅले या संस्थेतून दीड डझनाच्या आसपास नर्तक बाहेर पडले. त्यांच्यासोबत होते बॅलेचे अमेरिकन शिक्षक बेंजामिन हार्कार्वी, नर्तक आर्ट फेर्स्टेखन आणि व्यवहार सांभाळणारे कारेल बिर्नी. जुन्या अभिजात बॅलेच्या पुनरावृत्तीत त्यांना रस नव्हता, नवं काम हवं होतं. पण नवं काम म्हणजे नव्या रचना, आणि त्या करणारी माणसं घरात मोजकीच. डच कोरिओग्राफर हान्स फान मानेन लवकरच येऊन मिळाले आणि 1961 पासून कलात्मक सूत्रं त्यांच्याकडे आली. कंपनीने मात्र स्वतःवर ओझं घेतलं होतं दर हंगामात दहाच्या आसपास नव्या रचना रंगमंचावर आणण्याचं. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे. पाहुण्यांची परंपरा सुरू झाली ती या निकडीतून. हौस किंवा प्रतिष्ठा हे नंतरचं.

पाहुणे आले ते बहुतेक अमेरिकेतून. टेटली, जॉन बटलर, अ‍ॅना सोकोलो. युरोपातल्या बॅले नर्तकांना तोवर अमेरिकन मॉडर्न डान्सची फारशी सवय नव्हती. बॅले शरीराला वर उचलायला शिकवतो, जमिनीचा भार जाणवूच देत नाही. या मॉडर्न डान्सच्या एक प्रवर्तक मार्था ग्रॅहम यांच्या पद्धतीत हालचाल पोटातून, श्वासाच्या आकुंचनातून सुरू होते आणि जमीन ही आधाराची जागा असते. टेटली स्वतः मॉडर्न डान्सच्याच हान्या होल्म आणि ग्रॅहम यांच्याकडे शिकला होता, बॅलेही नाचला होता. त्यामुळे तो हेगला आला तेव्हा नुसती एक रचना बसवून गेला नाही. एकाच शरीरात दोन्ही भाषा नांदू शकतात हे तिथल्या नर्तकांना कळलं. रोजच्या रियाजात बॅलेसोबत मॉडर्न तंत्रही आलं. या कंपनीच्या नर्तकांची जी लवचीक, कुठल्याही शैलीत शिरू शकणारी ओळख पुढे जगभर झाली, तिचं मूळ मला या रियाजात दिसतं.

हे प्रारूप लंडनलाही पोचलं. 1966 मध्ये बॅले रांबेर या जुन्या कंपनीने मोठा बॅले संग्रह बाजूला ठेवून लहान, नव्या कामाची कंपनी व्हायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्यासमोर हेगचं उदाहरण होतं. पुढच्याच वर्षी त्यांनीही टेटलीला बोलावलं.

1970 मध्ये फान मानेन आणि टेटली यांनी मिळून ‘म्युटेशन्स’ केलं. त्यातल्या विवस्त्र नर्तकांमुळे बरीच खळबळ उडाली. त्यानंतर लवकरच दोघेही कंपनीतून बाहेर पडले आणि पुढची काही वर्षं चाचपडण्यात गेली.

वाट सापडली तीही पाहुण्यामुळेच. प्रागमध्ये जन्मलेला यिरी किलियान तेव्हा श्टुटगार्ट बॅलेत नाचत होता. 1973 मध्ये त्याने हेगच्या कंपनीसाठी पहिल्यांदा रचना केली आणि 1975 मध्ये कलात्मक नेतृत्वातच आला. 1978 मध्ये अमेरिकेत चार्ल्सटनच्या स्पोलेटो महोत्सवात चेक संगीतकार यानाचेकच्या संगीतावरच्या त्याच्या ‘सिन्फोनिएटा’ने कंपनीचं नाव जगभर नेलं. इथून पुढे कंपनी म्हणजे किलियान असं समीकरण झालं. एवढा ताकदीचा घरचा कलावंत असला की पाहुण्याला जागा उरत नाही, हा धोका खराच होता. किलियानने दार बंद केलं नाही, याचा मला फार आदर वाटतो. विल्यम फोर्साइथ, मॅट्स एक, ओहाद नाहारिन या बाहेरच्या कोरिओग्राफरांनी त्याच्याच काळात इथे काम केलं. त्याच्या नर्तकांतूनही कोरिओग्राफर निघाले. स्पेनचा नाचो दुआतो 1983 मध्ये ‘जार्दी तांकात’ घेऊन पुढे आला, नंतर माद्रिदला गेला. 1978 मध्ये तरुणांसाठी दुसरा आणि 1991 मध्ये चाळिशी ओलांडलेल्या नर्तकांसाठी तिसरा संच उभा राहिला. हा तिसरा संच 2006 मध्ये बंद झाला, ही हळहळ वाटण्यासारखीच गोष्ट.

पाहुण्याच्या कामाची एक बाजू प्रेक्षकांना दिसत नाही. तो काही आठवडे येतो, नर्तकांना घेऊन रचना घडवतो आणि निघून जातो. हक्क बहुधा त्याच्याकडेच राहतात, पण रचना राहते नर्तकांच्या अंगात. पुढचे प्रयोग, दौरे, बदललेले कलाकार, हे सगळं सांभाळतो तालीम दिग्दर्शक. व्हिडिओ हाताशी असतो, पण त्यात पाऊल दिसतं, त्यामागचं वजन दिसत नाही. ते एका नर्तकाने दुसऱ्याला उभं राहून दाखवावं लागतं.

नुसतं येणं-जाणं पुरेसं नाही हे ओळखून कंपनीने मधला मार्गही काढला. फोर्साइथच्या फ्रँकफर्टच्या कंपनीत नाचलेली कॅनडाची क्रिस्टल पाइट 2008 पासून सहयोगी कोरिओग्राफर झाली. ती पुन्हा पुन्हा परतत राहिल्याने नर्तक तिला आणि ती नर्तकांना ओळखू लागली. 2016 चं तिचं ‘द स्टेटमेंट’ पाहावं. एक बैठकीचं टेबल, चार नर्तक आणि ध्वनिमुद्रित संवाद. शब्दाच्या प्रत्येक ठेचेवर शरीर असं तुटतं आणि वळतं की बोलणं कुठे संपलं आणि नाच कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही.

2020 मध्ये कलात्मक दिग्दर्शक म्हणून एमिली मोल्नार आली, तीही बाहेरूनच, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या बॅले बीसी या कंपनीतून.