पावसातला कस आणि लाल झेंडा

फॉर्म्युला वनमध्ये कोण किती पाण्यात आहे ते पावसात कळतं, असं आपण सगळेच म्हणतो. इंजिनाची ताकद ओल्या ट्रॅकवर पुरती उतरत नाही. कोरड्यात ज्या रेषेवर रबर बसून पकड मिळते, तीच रेषा निसरडी होते आणि पकड शोधायला वळणाच्या बाहेरच्या कडेने जावं लागतं. पावसाळ्यात एक्स्प्रेस-वेवर साचलेल्या पाण्यातून जाताना स्टीअरिंग क्षणभर हलकं होतं, तेव्हा पोटात गोळा येतो. हे चालक तोच क्षण दर फेरीला अनेकदा झेलतात, तेही पुढच्या गाडीने उडवलेल्या पाण्यामुळे समोरचं काही दिसत नसताना.

जुन्या काळातली दोन उदाहरणं पुरेशी आहेत. 1968 साली जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगच्या धुक्यात आणि पावसात विजेता दुसऱ्यापेक्षा चार मिनिटांहून जास्त पुढे होता. 1976 मध्ये जपानमधल्या फुजीला, त्याच मोसमात भाजून मरणाच्या दारातून परतलेल्या गतविजेत्या निकी लाउडाने दोन फेऱ्यांनंतर गाडी बाजूला घेतली आणि एका गुणाने विजेतेपद सोडलं. माझ्या मते दबावाखाली घेतलेला तोही एक थोर निर्णय होता.

पण पावसातल्या कामगिरीचा वाद मुळात सुरू होतो तो 3 जून 1984 च्या मोनॅकोपासून. त्या दिवशी पाऊस इतका होता की शर्यत उशिरा सुरू झाली. बोगदा कोरडा राहिला होता, तर तोही पाणी मारून ओला करून घेतला, म्हणजे ओल्या टायरवर आत शिरताना दगा होऊ नये. तेराव्या क्रमांकावरून निघालेला ब्राझीलचा नवखा चालक आयर्टन सेना दुय्यम संघाच्या गाडीत एकेकाला गाठत दुसरा आला. आघाडीवरच्या फ्रेंच चालकाच्या, अलेन प्रॉस्टच्या, ब्रेकमध्ये असमतोल होता आणि तो स्टार्ट-फिनिश रेषेजवळून जाताना हात करून शर्यत थांबवा म्हणून खुणावत होता. तीस सेकंदांहून जास्त असलेलं अंतर एकतिसाव्या फेरीअखेर साडेसातच्या आसपास आलं होतं. आणि लाल झेंडा पडला, म्हणजे शर्यत थांबवली गेली. नवखा पुढे निघूनही गेला, पण निकाल आधीच्या फेरीचा धरला गेला. तिसऱ्या स्थानावरचा जर्मन तरुण विनाटर्बो गाडीत, सगळ्यात मागून सुरुवात करून त्या दोघांनाही गाठत होता, हे तर लोक विसरूनच जातात.

झेंडा दाखवणारा शर्यत-अधिकारी स्वतः पावसातला नावाजलेला चालक होता. त्याने स्ट्युअर्ड्सना, म्हणजे शर्यतीच्या पंचांना, न विचारता निर्णय घेतला आणि पुढे त्याच्यावर कारवाईही झाली. आघाडीच्या गाडीच्या इंजिनाचा आणि त्याच्या स्वतःच्या सहनशक्ती-शर्यतींतल्या संघाचा निर्माता एकच, म्हणून कुजबुजही झाली. सुरक्षिततेचं कारण खोटं नव्हतं, आणि नवख्याच्या सस्पेन्शनला मार बसला होता, तो फार टिकला नसता असंही म्हणतात. तरीही त्या पोराला आणखी पाच फेऱ्या मिळायला हव्या होत्या, असं मला आजही मनापासून वाटतं. गंमत अशी की नुकसान विजेत्याचंच झालं. अंतर अपुरं म्हणून नऊऐवजी साडेचार गुण मिळाले. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तरी सहा मिळाले असते. त्या वर्षीचं विजेतेपद त्याने अर्ध्या गुणाने गमावलं.

त्यानंतर 1993 चं डॉनिंग्टन, 1996 चं बार्सिलोना, 2008 चं सिल्व्हरस्टोन आलं. पावसात गाजलेल्या या शर्यतींवर वाद नाहीत, म्हणून इथे थांबत नाही.

2014 च्या जपानमधल्या सुझुकाने सगळं बदललं. ओल्या ट्रॅकवरून घसरलेली गाडी उचलयंत्रावर आदळली आणि काही महिन्यांनी तो तरुण चालक गेला. तेव्हापासून नियंत्रण कक्ष धोका पत्करायला तयार नसतो, आणि त्याला दोष देणं सोपं नाही. 2021 मध्ये बेल्जियममधल्या स्पाला सेफ्टी कारमागे, म्हणजे सगळ्यांना हळू चालवणाऱ्या आणि ओव्हरटेक करू न देणाऱ्या गाडीमागे, मोजक्या फेऱ्या मारून अर्धे गुण वाटले गेले. दुसऱ्या आलेल्या चालकाने ती जागा आदल्या दिवशीच्या, सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या ओल्या पात्रता फेरीत कमावली होती. मागच्या रांगेतल्या संघाच्या गाडीत तो अव्वल वेळेपासून जेमतेम तीन दशांशांनी मागे होता, आणि त्या शनिवार-रविवारात खरी परीक्षा तेवढीच झाली. मग नियम आला की सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याविना गुण नाहीत, आणि अंतर कमी भरलं तर गुण टप्प्याटप्प्याने कमी. पण 2022 मध्ये सुझुकाला 53 पैकी 28 फेऱ्या होऊनही पूर्ण गुण मिळाले, कारण तेव्हा कपातीचं कलम फक्त 'थांबवली आणि पुन्हा सुरू होऊ शकली नाही' अशाच शर्यतीला लागू होतं. जगज्जेता ठरलेल्या मॅक्स व्हर्स्टापेनला आपण जिंकलो हे कळायलाही वेळ लागला.

2024 च्या साओ पावलोत सतराव्या स्थानावरून जिंकणाऱ्या व्हर्स्टापेनचं कौतुक करताना लाल झेंडा विसरू नये. प्रतिस्पर्धी टायर बदलायला पिटमध्ये जाऊन वेळ गमावून आले, तो ट्रॅकवर राहिला, मग शर्यत थांबली आणि त्याला टायर आयते बदलायला मिळाले. पण पहिल्याच फेरीत घेतलेल्या जागा आणि शेवटची सुमारे एकोणीस सेकंदांची आघाडी झेंड्याने दिलेली नव्हती.

2025 च्या जुलैत स्पाला सुरुवातच ऐंशी मिनिटं लांबली. व्हर्स्टापेनची गाडी पावसासाठी जास्त डाउनफोर्सवर, म्हणजे हवेने ट्रॅकला जास्त दाबून धरेल पण सरळ रस्त्यावर वेग कमी करेल अशी, लावलेली होती. प्रत्यक्ष शर्यत लागली तोवर ट्रॅक सुकत आला होता, काही फेऱ्यांतच सगळे कोरड्या टायरवर गेले, आणि तो चौथा आला.