डुप्लिकेट की एक्सटेंड? प्रोजेक्टर लावताना होणारा घोळ

केबल लावली, भिंतीवर वॉलपेपर झळकला. पीपीटी उघडली, तर ती लॅपटॉपवरच. मागच्या रांगेतून आवाज येतो, "सर, काहीच दिसून नाही राहिलं!" मग केबल काढ, परत लाव, दुसरी शोध, एखाद्या पोराला नवी आणायला बर्डीच्या बाजारात पिटाळ. नागपुरातल्या बऱ्याच हॉलमध्ये कार्यक्रमाची पहिली दहा मिनिटं अशीच जातात. केबल बिचारी निर्दोष असते. भिंतीवर नुसता वॉलपेपर आहे म्हणजे सिग्नल व्यवस्थित पोचतोय. लॅपटॉप एक्सटेंडवर आहे, एवढंच.

विंडोजचं बटण धरून पी दाबा. विंडोज ७ पासून ही सोय आहे. चार पर्याय दिसतात. फक्त लॅपटॉपचा पडदा आणि फक्त बाहेरचा पडदा, या दोघांत कुणी अडकत नाही. अडकतात ते डुप्लिकेट आणि एक्सटेंडमध्ये. बाणाने हवा तो निवडा आणि एंटर मारा.

डुप्लिकेट म्हणजे मिररिंग: जे लॅपटॉपवर, तेच भिंतीवर. एक्सटेंडमध्ये भिंत म्हणजे घराला मागे काढलेली जास्तीची खोली. तिथे काय ठेवायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि काहीच नेलं नाही तर ती रिकामी दिसणार. "माउस हरवला" ही तक्रारही एक्सटेंडचीच. तो लॅपटॉपच्या कडेवरून पलीकडे भिंतीवर गेलेला असतो.

माझं मत विचाराल तर शिकवायला डुप्लिकेट, बोलायला एक्सटेंड. टॅली किंवा एक्सेलचा क्लास घेणाऱ्याने एक्सटेंड लावलं की त्याची मान सारखी भिंतीकडे, पाठ पोरांकडे. डुप्लिकेटमध्ये तो समोर बघत क्लिक करतो आणि वर्गाला तेच दिसतं. मात्र त्याची किंमत आहे. दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, सांभाळावं लागतं. प्रोजेक्टर जुना, १०२४ बाय ७६८ चा असेल, तर तुमच्या १९२० बाय १०८० च्या लॅपटॉपवरची अक्षरं जाड आणि धुरकट होतात, कधी बाजूला काळे पट्टे येतात. लॅपटॉप बिघडलेला नसतो. केबल काढली की पूर्ववत होतो.

आता त्रिमूर्ती नगरातल्या एखाद्या सोसायटीची वार्षिक सभा घ्या. सचिव भिंतीवर जमाखर्च दाखवताहेत आणि लॅपटॉपवर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी उघडी आहे. डुप्लिकेट असेल तर जमाखर्च बाजूला राहतो आणि सभा तिथेच पेटते. वर घरून आलेला "सिलिंडर आला का?" हा मेसेजही सगळी सोसायटी वाचते. एक्सटेंडमध्ये यादी त्यांच्यापुरती राहते. पॉवरपॉइंटमध्ये एफ५ दाबलं की भिंतीवर स्लाइड आणि लॅपटॉपवर टिपणं, पुढची स्लाइड, घड्याळ. लॅपटॉपवरच्या या दृश्याला प्रेझेंटर व्ह्यू म्हणतात. कधी हे उलटं होतं, टिपणं भिंतीवर जातात. तेव्हा त्याच प्रेझेंटर व्ह्यूच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दोन्हींची अदलाबदल करायचा पर्याय असतो. आणि कुणी वाद घालायला उभं राहिलं तर बी दाबा, भिंत काळी होते. परत बी दाबलं की स्लाइड हजर.

शॉर्टकटमध्येही अशीच एक जोडी आहे. विंडोज आणि डावा-उजवा बाण दाबला तर खिडकी अर्ध्या पडद्याला चिकटते. त्यातच शिफ्ट धरली की खिडकी दुसऱ्या पडद्यावर उडी मारते. एक्सटेंडमध्ये माउसने ओढत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. डुप्लिकेटमध्ये या उडीचा उपयोग शून्य, कारण जायला दुसरी जागाच नसते.

मॅकवाल्यांना कमांड आणि एफ१ पुरतं. त्याने मिररिंग सुरू-बंद होतं. एफ१ वर ब्राइटनेस कमी करायचं चिन्ह असेल तर कमांडसोबत तेच बटण.

आवाजाचा मात्र डुप्लिकेट-एक्सटेंडशी संबंध नाही. एचडीएमआय केबल लावल्यावर व्हिडिओ मुका झाला तर आवाज बहुतेक प्रोजेक्टरकडे गेलेला असतो. खालच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन लॅपटॉपचा किंवा हॉलचा स्पीकर निवडा. केबल जुनी, निळ्या टोकाची व्हीजीए असेल तर तिच्यातून आवाज जातच नाही, हॉलच्या साउंडवाल्याकडून वेगळी वायर मागून घ्या.